प्रादेशिक इस्लामवर चर्चासत्र घेताय? पत्रिका छापण्याआधी थोडे थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंकडे ‘महाराष्ट्रातील इस्लाम : प्रादेशिक अभ्यास’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्राचे काम आले आहे. विषयाची मांडणी कशी करावी, कोणाला बोलवावे आणि सगळे चर्चासत्र ‘आपण सारे एक’ या भाषणांत वाहून जाऊ नये म्हणून काय करावे, असे त्या विचारतात. प्राचार्यांची अट एकच : वाद नको.

अशा चर्चासत्रांत निबंध वाचण्यापासून ते सतरंज्या अंथरून घेण्यापर्यंत सगळी कामे मी केली आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी शीर्षक आवरा. ‘महाराष्ट्रातील इस्लाम’ म्हटले की चौलच्या अरब व्यापाऱ्यांपासून मालेगावच्या यंत्रमागापर्यंत सगळेच त्यात बसते, आणि मग एका निबंधाचा दुसऱ्या निबंधाशी काडीचा संबंध उरत नाही. महाराष्ट्र हा इस्लामच्या दृष्टीने एक प्रदेश कधीच नव्हता. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई (सुन्नी धर्मशास्त्राची एक शाखा), कारण त्यांचे जुने नाते समुद्रापलीकडच्या अरबांशी. घाट चढून आलात की हनफी, म्हणजे दुसरी शाखा. मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, खानदेशात एके काळी फारुकी, वऱ्हाडात इमादशाही. मुंबईतले बोहरा, खोजा, मेमन हे गुजरात-कच्छकडून आलेले व्यापारी समाज. त्यांतल्या खोजांचा पंथ नेमका कोणता, हे तर १८६६ साली मुंबई हायकोर्टाला निकाल देऊन ठरवावे लागले. हे सगळे एका मांडवाखाली आणले की प्रत्येक जण आपापले वाचतो आणि परतीची एसटी पकडतो.

त्यापेक्षा तुम्ही ज्या मातीवर उभ्या आहात ती घ्या. नगर, श्रीगोंदा, पैठण, दौलताबाद, खुलदाबाद हा पट्टा आणि साधारण १३०० ते १९२० हा काळ. एवढ्या टापूत काय काय आहे ते बघा. खुलदाबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आणि त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची संभाषणे लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी तिथेच पुरला आहे. मलिक अंबर तिथे, औरंगजेब तिथे. खानदेशच्या फारुकींनी ज्या बुऱ्हाणुद्दीनांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले, ते हेच. पैठणला एकनाथ, ज्यांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. दौलताबादेत त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचे आणि श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांचे गुरू एकच, चांदबोधले. नगर शहरात बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या शिया विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला (साधारण १५३७), त्याची खूण म्हणून कोठला आजही उभा आहे आणि मोहरमच्या सवाऱ्या तिथूनच निघतात. पुढे १५८९ ते १५९१ या दोन वर्षांत त्याच निजामशाहीच्या गादीवर महदवी पंथाचा (जौनपूरचे सय्यद महंमद हेच येणारे महदी, असे मानणाऱ्यांचा) जोर होता. म्हणजे सुन्नी, शिया, महदवी, चिश्ती आणि कादरी हे सूफी, वारकरी, नाथ, सगळे दोन-चार तासांच्या अंतरात. राष्ट्रीय चर्चासत्राला आणखी काय हवे?

आता मुद्द्याचे. ‘प्रादेशिक’ हे विशेषण लावले की दोन खड्डे तयार होतात आणि बहुतेक वक्ते त्यांपैकी एकात पडतात.

पहिला असा : इस्लाम म्हणजे कुराण, हदीस, शरियत, अरबी, तो खरा. दर्गा, संदल (दर्ग्याला चंदन वाहण्याची मिरवणूक), मोहरमचे पंजे, पिराला नवस, हे सगळे ‘स्थानिक’, म्हणजे थोडे भेसळीचे, अर्धवट बाटलेल्यांचे. हे म्हणणारे फक्त सुधारणावादी मौलवी नसतात. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरांनी खेड्यातल्या मुसलमानांविषयी ‘हे निम्मे हिंदूच’ असे शेरे मारून ठेवले, आणि आपले कितीतरी प्रबंध तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहितात.

दुसरा खड्डा उलट बाजूला : स्थानिक तेच खरे, उदार, प्रेमळ; अरबी-फारसीतले ते कोरडे आणि कट्टर. सूफी म्हणजे गोड, काझी म्हणजे कडू. हा खड्डा जास्त लोकप्रिय आहे, कारण त्यात पडताना टाळ्या मिळतात. पण खुलदाबादच्या सूफींची संभाषणे मूळ फारसीत वाचली की ही मंडळी नमाज-रोज्याविषयी किती काटेकोर होती ते कळते. आणि पुढची दप्तरे चाळली तर हेच दर्गे इनाम गावे खाणारी, सनदा जपणारी, भाऊबंदकीत कोर्टापर्यंत जाणारी संस्थाने होती हेही दिसते. त्याने त्यांची आध्यात्मिकता कमी होत नाही. फक्त चित्र गुळचट राहत नाही.

या प्रश्नावर अभ्यासकांत जुना वाद आहे आणि तो तुमच्या बीजभाषणात यायलाच हवा. इम्तियाज अहमद यांनी १९७०च्या दशकापासून भारतीय मुसलमानांच्या जातव्यवस्था, नातेसंबंध आणि विधींवर निबंधसंग्रह काढले. इथला मुसलमान प्रत्यक्ष जगतो कसा ते पाहा, ग्रंथ नंतर, असा त्यांचा आग्रह होता. १९८३ साली फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी त्याला हरकत घेतली : स्थानिक आचार आणि ग्रंथातला आदर्श यांचे नाते स्थिर नसते, शतकानुशतके आदर्शाकडे हळूहळू सरकत जाणारी एक हालचाल असते, ती तुम्ही पाहत नाही. मग वीणा दास आणि इतरांनी त्यात भाग घेतला. तलाल असद यांनी १९८६ मध्ये तिसरीच वाट दाखवली : इस्लामला ना एक साचा म्हणा, ना शंभर वेगळे इस्लाम म्हणा, ती वाद घालत पुढे जाणारी परंपरा आहे, आणि प्रत्येक ठिकाणचे लोक आपले वागणे कुराण-हदीसशी जोडून बरोबर-चूक ठरवत असतात. मला स्वतःला हे शेवटचे म्हणणे सगळ्यांत उपयोगी वाटते. त्याने प्रश्न बदलतो. ‘हे खरे इस्लामी आहे का?’ असे अभ्यासकाने विचारायचे नाही. या गावात हा प्रश्न कोणी, कधी, कोणाला विचारला आणि उत्तर काय मिळाले, ते शोधायचे. उरुसाला विरोध करणारा गावातला मौलवी मग अभ्यासाच्या बाहेरचा उपरा राहत नाही, तोही प्रादेशिक इस्लामचाच भाग ठरतो.

याची पत्रिकेवर अंमलबजावणी कशी करायची? ‘सूफी संतांचे योगदान’, ‘धार्मिक सलोख्यात दर्ग्यांची भूमिका’ अशी सत्रे ठेवू नका. सलोखा होता की नव्हता, किती होता, कोणत्या अटींवर होता, हे शेवटी निष्पन्न व्हायचे आहे. ते सत्राच्या नावातच ठरवून टाकले तर निबंध लिहिणाऱ्याला फक्त उदाहरणे भरायची उरतात.

त्याऐवजी प्रत्येक सत्र एका स्थळाभोवती किंवा एका कागदाभोवती बांधा. दोन उदाहरणे देतो, दोन्ही तुमच्या जिल्ह्यातली.

शिर्डी घ्या. साईबाबांविषयी बोलायला माणसे शेकड्यांनी मिळतील, पण तुम्ही फक्त एक प्रश्न ठेवा : उरुसाची रामनवमी कशी झाली? साईभक्त गो. र. दाभोलकरांच्या मराठी ओवीबद्ध ‘साईसच्चरिता’त सहाव्या अध्यायात त्याची हकीकत आहे. १८९७ साली गोपाळराव गुंड यांच्या मनात उरूस भरवायचे आले, दिवस रामनवमीचा निघाला. पुढे कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांनी संदलाची मिरवणूक सुरू केली. १९१२ साली त्याच दिवशी रामजन्माचा उत्सव आणि कीर्तन सुरू झाले. संदल बंद पडला नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालले. आता ही नोंद कोणी केली? एका हिंदू भक्ताने, मराठीत, पोथीच्या घाटात. दुसऱ्या बाजूला बाबांची सेवा करणाऱ्या अब्दुलबाबांची उर्दू वही आहे, तिच्यात सूफी परंपरेविषयीच्या नोंदी आहेत, आणि तिचा इंग्रजी अनुवाद मेरियन वॉरन यांच्या १९९९ च्या पुस्तकात छापला गेला. मराठीतला भक्त ज्याला सद्गुरू म्हणतो, त्याच्याच तोंडचे उर्दूत टिपून घेणारा सेवक वेगळ्या शब्दांत सांगतो. या दोन मजकुरांची उतारे-पाने सगळ्यांच्या हातात द्या, मराठीचा एक आणि उर्दूचा एक अभ्यासक समोरासमोर बसवा, आणि सव्वा तास बोलू द्या. ‘बाबा हिंदू की मुसलमान’ हा चावून चोथा झालेला प्रश्न आपोआप मागे पडतो. एकाच माणसाच्या आठवणी कोणत्या भाषेने जपल्या, कोणत्या पुढे पसरल्या आणि कोणत्या कपाटात राहिल्या, याकडे लक्ष जाते.

दुसरे उदाहरण अवघड आहे : पाथर्डी तालुक्यातली मढी. कानिफनाथांची समाधी, आणि शाह रमझान माहीसवार यांचे स्थान म्हणूनही तीच ओळखली जात असे. एकोणिसाव्या शतकातल्या नगरच्या गॅझेटिअरातही तशी नोंद आहे. रॉबर्ट हेडन या मानववंशशास्त्रज्ञाने २००२ साली या स्थळावर एक निबंध लिहिला आणि त्यात बाल्कन देशांतल्या अशाच सामायिक स्थळांशी तुलना केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की दोन समाज एकाच ठिकाणी येतात तेव्हा ते एकमेकांना मिठी मारत नसतात, एकमेकांना सहन करत असतात. स्पर्धा चालूच असते आणि ज्याचे पारडे जड होते त्याच्याकडे स्थळ झुकते. निबंधाबरोबरच इतर अभ्यासकांचे आक्षेपही छापले गेले. मला हेडन पूर्ण पटत नाही. शेकडो वर्षांचा दैनंदिन व्यवहार त्याने एका स्पर्धेच्या तक्त्यात बसवला आहे, आणि यात्रेला येणाऱ्या बाईला कोणाचे पारडे जड आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. पण ‘सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते’ म्हणणाऱ्या भाषणापेक्षा त्याचा निबंध लाखपटीने उपयोगी आहे, कारण तो खोडून काढायला तुम्हाला पुरावा आणावा लागतो.

प्राचार्यांची धास्ती इथे सुरू होईल, आणि ती अनाठायी नाही. मढी काय किंवा श्रीगोंदा काय, दोन्ही ठिकाणांवरून अलीकडे गावांत वाद झाले आहेत. म्हणून नियम घाला : आजच्या मालकीच्या वादावर, चालू असलेल्या खटल्यावर निबंध नाही. स्थळाचा १९५० पूर्वीचा कागदोपत्री इतिहास, मौखिक परंपरा, विधी, एवढेच. हे भित्रेपणाचे नाही. न्यायालयात असलेल्या गोष्टीवर कॉलेजच्या सभागृहात निवाडा देणे हे तसेही आपले काम नव्हे, आणि बातमी दुसऱ्या दिवशी एका ओळीच्या मथळ्यात छापून येते तेव्हा निबंधातल्या अटी-शर्ती त्यात नसतात. एका चर्चासत्रात एका वक्त्याचे अर्धे वाक्य मोबाइलवर फिरले आणि उरलेला दीड दिवस सगळे आयोजक पोलीस ठाण्यात. हे मी पाहिलेले आहे. संयोजकांनी अधिकृत ध्वनिमुद्रण ठेवावे. अर्धे वाक्य फिरले तर पूर्ण वाक्य दाखवता आले पाहिजे.

शेख महंमदांवर मात्र एक स्वतंत्र सत्र ठेवाच, आणि ते मराठी विभागाबरोबर मिळून ठेवा. ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद’ (अविंध म्हणजे मुसलमान) ही ओळ प्रत्येक जण म्हणतो आणि तिथेच थांबतो. ‘योगसंग्राम’ (१६४५) पूर्ण वाचलेला माणूस शोधा. फार मिळणार नाहीत. तो ग्रंथ समन्वयाची गोळी नाही. त्यात योगाची परिभाषा आहे, भोंदू गुरूंवर कोरडे आहेत, दोन्ही बाजूंच्या कर्मकांडावर टीका आहे. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे साहित्य संपादित करून छापले, रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यू. म. पठाण यांनी आयुष्यभर या विषयाचा पाठपुरावा केला. तिघांच्या भूमिका एकसारख्या नाहीत. त्यांच्या भूमिकांतला फरक हाच एका तरुण संशोधकाच्या निबंधाचा विषय होऊ शकतो, आणि त्यासाठी फारसी येण्याचीही गरज नाही.

फारसीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. पहिल्या दिवशी दुपारचा अर्धा दिवस निबंध ठेवू नका, कागद वाचण्याची कार्यशाळा ठेवा. माझ्या मते सगळ्या चर्चासत्रात हाच भाग टिकाऊ असतो. एखादा सतराव्या शतकातला महजर, म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद, पडद्यावर लावा. माथ्यावर काझीचा फारसी शिक्का, खाली मोडीतला मराठी मजकूर, मग देशमुख-देशपांड्यांची नावे, पाटलाच्या नावाशी नांगर, बाकी बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या निशाण्या. वतनाचा तंटा हिंदूंचा, पंच हिंदू, देवळात शपथ घेतलेली, आणि निवाड्यावर काझीची मोहर. या एका कागदावरून विद्यार्थ्यांना जे समजते ते तीन व्याख्यानांतून समजत नाही. काझी म्हणजे फक्त मुसलमानांचा धर्माधिकारी ही कल्पनाच गळून पडते. तो त्या काळच्या दिवाणी कारभाराचा एक नेहमीचा भाग होता.

त्याच बैठकीत तारीख काढायला शिकवा. ‘सुहूर सन सबा खमसैन अलफ’ असे लिहिले असेल तर सबा सात, खमसैन पन्नास, अलफ हजार, म्हणजे १०५७. त्यात ५९९ मिळवले की १६५६, आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवून १६५७. हे साल मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. पण त्याच कागदात महिना आणि तिथी चांद्र हिजरी असते : ‘छ ११ रबिलाखर’. साल शेतीचे, महिना चंद्राचा, आकडे अरबी, लिपी मोडी, आणि लिहिणारा बहुतेक वेळा ब्राह्मण कारकून. ही पद्धत पेशवाईच्या शेवटापर्यंत पुण्याच्या दप्तरात चालू होती. ‘प्रादेशिक इस्लाम’ फक्त मुसलमानांच्या घरात सापडतो असे मानणाऱ्याला पेशवे दप्तरातले कोणतेही एक पान पुरे.

मोडी वाचणारी माणसे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या आसपास मिळतात आणि तुमच्या जिल्ह्यातही आहेत. फारसी वाचणारा मिळवणे जड जाते. नागपूरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आहे. तिथल्या अभ्यासकाला पत्र लिहा, आणि तुमच्या गावाच्या आसपासच्या मशिदींवरचे, वेशींवरचे शिलालेख आधी छायाचित्रे काढून पाठवा. नुसते ‘व्याख्यानाला या’ म्हणण्यापेक्षा न वाचलेल्या दगडाचा फोटो अशा माणसाला जास्त ओढून आणतो. कोशासाठी माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) टेबलावर असू द्या. कवी माधव जूलियन तेच.

आता कोणाला बोलवू नये. उद्घाटनाला मंत्री-आमदार नकोत. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि वाट पाहणे यात सकाळ जाते. परदेशातला एक जण झूमवर आला म्हणून पत्रिकेवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहू नका. आणि संपूर्ण यादीत एकही मुसलमान अभ्यासक नाही, किंवा एकच आहे आणि त्याच्याकडे ‘मुस्लिम समाजाची भूमिका’ हा विषय दिला आहे, असे होऊ देऊ नका. हे अजूनही सर्रास होते. त्याला निजामशाहीच्या जमीनमहसुलावर बोलायचे असेल तर बोलू द्या.

संतांच्या मागे लागून आपण खेड्यातल्या साध्या मुसलमानाला विसरतो, ही माझी जुनी तक्रार आहे. मुलाणी घ्या. बलुतेदारांच्या बऱ्याच याद्यांत तो आहे. गावची मशीद सांभाळायची, बकरा हलाल करायचा, आणि त्याबद्दल गावाकडून बलुते घ्यायचे. देवीला कापायचा बकराही कित्येक गावांत मुलाण्याच्याच हातून कापला जाई आणि मराठा घरे त्याशिवाय मटण खात नसत. त्याचे बलुते कधी बंद झाले, जमीन कोणाकडे गेली, आज त्या घरची मुले काय करतात? तुमच्या तालुक्यातल्या दहा गावांत फिरून एम.ए.चा विद्यार्थी हा निबंध लिहू शकतो. बागवान, तांबोळी, अत्तार, शिकलगार, पिंजारी, मोमीन यांच्यावरही तसेच. मुसलमानांत जात नाही हे ग्रंथात खरे. लग्नाची बोलणी सुरू झाली की काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि बायकांचे काय? विजापूरकडच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे आहेत, जात्यावर दळताना म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले की दख्खनमध्ये सूफी विचार घरात शिरला तो प्रवचनातून कमी आणि अशा गाण्यांतून जास्त. मराठी जात्यावरच्या ओव्यांत पीर, दर्गा, संदल किती आहेत हे पाहणारे एक सत्र ठेवा. ते ऐकायला गावातल्या बायकाही येतील, आणि आल्या तर त्यांना मागच्या रांगेत बसवू नका, त्यांच्याकडूनच ओव्या म्हणवून घ्या.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येणार : ‘इथे इस्लाम तलवारीनेच आला ना?’ सत्राध्यक्ष घाबरतो आणि वेळ संपला म्हणतो. तसे करू नका, उत्तर तयार ठेवा. अलाउद्दीनने १२९६ मध्ये देवगिरीवर हल्ला केला, ती तलवारच होती, लूटही झाली. ते लपवण्याचे कारण नाही. पण त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी, इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, अल-मसूदी हा अरब प्रवासी-इतिहासकार कोकणातल्या चौल बंदराला आला होता आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि इथेच जन्मलेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांचा न्याय करायला शिलाहार राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब आहे. त्याने नदीवर फुकट नाव आणि अन्नछत्र चालवल्याची नोंद आहे, आणि त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठिकेला दान मिळाले आहे. हे झाले कोकणाचे. घाटावरचे बोलायचे, तर शतकानुशतके सुलतानांची आणि मोगलांची राज्ये होऊनही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के आहेत, तर दिल्ली-आग्र्यापासून दूर, पूर्व बंगालच्या दलदलीत ते बहुसंख्य झाले. राज्यसत्ता आणि धर्मांतर यांचे गणित सरळ नाही, एवढे यावरून निघते. तलवारीची घटना खरी आणि ‘तलवारीनेच’ हे स्पष्टीकरण अपुरे, असे शांतपणे सांगितले की प्रश्नकर्ता सहसा बसतो. न बसला तर चहाच्या वेळी त्याच्याशी बोला. अशी माणसे कधीकधी फार बारीक वाचलेली असतात.

भाषेचे म्हणाल तर निबंध मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी कशातही चालू द्या, पण उर्दू निबंधाचा मराठी गोषवारा आधी वाटा. मदरशात शिकलेला एखादा जाणकार अरबी-उर्दूत उत्तम काम करत असतो आणि इंग्रजी येत नाही म्हणून आपल्या यादीतून गळतो.

निबंध दहा-बाराच घ्या. दोन दिवसांत साठ निबंध, प्रत्येकाला सात मिनिटे आणि शेवटी साठ प्रमाणपत्रे, हा प्रकार बढतीच्या गुणांसाठी चालतो, त्याला चर्चासत्र म्हणायचे नाही. पूर्ण मजकूर महिनाभर आधी मागवा आणि प्रत्येक निबंधाला एक भाष्यकार नेमा, ज्याने तो खरेच वाचलेला असेल. प्राचार्य म्हणतील नोंदणी शुल्क कमी येईल. येईल. मानधनात काटकसर करा, भाष्यकारात नको.

तारखा ठरवताना रमजान आणि मोहरमचे पहिले दहा दिवस टाळा; हिजरी साल दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकते, तेव्हा गेल्या वर्षीचे कॅलेंडर उपयोगाचे नाही. शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजाला पुरेशी सुट्टी ठेवा. जेवण साधे, शाकाहारी. विषयाला साजेसे म्हणून बिर्याणी ठेवणारे एक आयोजक मला माहीत आहेत. बिर्याणी चांगली होती, पण दुपारच्या सत्रात कोणी जागे नव्हते.

दर्ग्यावर किंवा समाधीवर सहल नेणार असाल तर आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन मुजावरांना, विश्वस्तांना, गावच्या सरपंचांना भेटा. पन्नास जणांची बस अचानक दारात उभी करू नका. फोटो काढायचे की नाही, आत बायकांनी कुठवर जायचे, हे तेच सांगतील. पटले नाही तर परत येऊन निबंधात लिहा, तिथे वाद घालू नका. मुजावर घराण्यांकडे सनदा असतात. त्या दाखवतात तेव्हा मोबाइल पुढे करण्याआधी विचारा, आणि घेतलेल्या छायाचित्रांची एक छापील प्रत त्यांना नेऊन द्या. कित्येक घरांत अभ्यासकांविषयी राग आहे, कारण आधीचा कोणीतरी कागद ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेला तो परत आलाच नाही.

राहता राहिले पुस्तक. चर्चासत्रानंतर तीन महिन्यांत ज्यांचे दुरुस्त केलेले निबंध आले तेवढेच छापा, सात-आठ आले तरी हरकत नाही. कार्यशाळेत वाचलेले कागद मूळ छायाचित्र, मोडीचे देवनागरी लिप्यंतर, फारसी भागाचा मराठी अनुवाद आणि काढलेली तारीख यांसह परिशिष्टात द्या; निबंध जुने होतील, पण पुढच्या अभ्यासकाला तेवढी पाने पुन्हा पुन्हा लागतील. पत्रिकेचा कच्चा मसुदा झाला की पाठवा. सत्रांची नावे आणि भाष्यकारांची यादी एवढे दोन कागद पुरेत, उद्घाटनाचा कार्यक्रम मला नको.